लुटुपुटूची चकती

सोमवार, ३ मार्च

डॉक्टरांनी रोज भरायला एक कागद दिलाय. त्यावर पाच गोल चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. आज आपला चेहरा कोणता, त्यावर खूण करायची. मी चोपन्न वर्षांची बाई आहे, बालवाडी सोडून बरीच वर्षं झाली. तो कागद फ्रिजवर चिकटवला आणि ही वही काढली. लिहायचंच आहे तर निदान वाक्यं तरी लिहीन.

तर आज प्रयोगाला सुरुवात झाली. प्रयोग म्हणजे काय, तर उदास माणसांच्या डोक्याला चुंबकाचे ठोके द्यायचे आणि ती बरी होतात का ते बघायचं. त्यातही गंमत अशी, की निम्म्यांना खरे ठोके आणि निम्म्यांना लुटुपुटूचे. कोणाला काय मिळतंय ते आम्हाला सांगणार नाहीत. डॉक्टरांना माहीत नाही, मशीन चालवणाऱ्या मुलीलाही नाही. एका खोलीत तीन माणसं आणि तिघंही आंधळी! याला म्हणे शास्त्र म्हणतात. प्रयोग संपला की लुटुपुटूवाल्यांना खरा उपचार फुकट देणार आहेत, तेवढीच काय ती माणुसकी.

डॉक्टर गुळगुळीत आहेत. डोकं गुळगुळीत आणि बोलणं त्याहून. "आपण दोघं मिळून बघू या हं," म्हणाले. जसं काही चुंबक त्यांच्याही डोक्याला लावणार आहेत. मशीनवाल्या मुलीने मला पोहण्याची असते तशी घट्ट टोपी घातली आणि तिच्यावर पेनाने रेघा मारल्या. मग दांडी लावलेली एक वस्तू डोक्याला टेकवली. दोन चकत्या शेजारी शेजारी, चष्म्याच्या फ्रेमसारख्या. टाक! आणि माझा उजवा अंगठा आपला आपण उडाला. मी हलवला नव्हता. डॉक्टरांना इतका आनंद झाला की बारशाला आल्यासारखे हसले. किती जोर लावला की अंगठा उडतो ते कमीजास्त करून बघितलं, तेच म्हणे माझं माप. नंतर ती मुलगी उद्यापासून काय बदलणार, काय नाही, असं बरंच काही सांगत होती. माझं लक्ष डॉक्टरांच्या टायकडे होतं. टायवर पिवळी बदकं होती. मला हसू आवरेना.

तो 'टाक' मात्र खणखणीत होता, मानलं. आवाजाच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. एकोणतीस वर्षं मी सिनेमांसाठी खोटे आवाज करतेय. पडद्यावर नायिका नुसती चालते, पाऊल माझं वाजतं, स्टुडिओतल्या रेतीच्या ट्रेमध्ये. दार आपटतं, हाड मोडतं, पत्र फाटतं, सगळं मीच. म्हणजे करत होते. सात महिन्यांपूर्वी एक बाई घर सोडून जाते असा प्रसंग होता. खडीवरून चालत जायचं, बस. माझं पाऊलच उचलेना. मी त्या खडीतच बसकण मारली, आणि लोकांनी मला घरी आणून सोडलं. तेव्हापासून सगळे आवाज सपाट झालेत. भांडं पडलं काय आणि कोणी हाक मारली काय, सगळं सारखंच. झोप नाही, भूक नाही, रडू म्हणाल तर तेही नाही. ते परत मिळणार असेल तर चकती कसली, मी मिक्सरमध्ये डोकं घालायला तयार आहे. पण हे बदकवाले मिळवून देणार? आनंद आहे.

मंगळवार, ४ मार्च

पकडली! पहिल्याच फटक्यात पकडली यांची लबाडी.

आवाजाचा त्रास नको म्हणून कानात घालायला स्पंजचे बोळे देतात. मी ते नुसते कानाच्या दाराशी टेकवून ठेवले. आणि काय ऐकलं? टप्, टप्, टप्. कालचा 'टाक' कुठे आणि हे कुठे! गादीखाली घड्याळ ठेवावं तसा मेलेला आवाज. डोक्यावर टिचक्या बसत होत्या, नाही असं नाही. पण टिचक्या काय, मी दोन रबरबँडांत करून देईन. म्हणजे मला लुटुपुटूची चकती लावली आहे. स्वच्छ दिसतंय.

मला राग फसवणुकीचा नाही आला. खोटं करणं हा माझा धंदाच आहे. पण करायचं तर नीट करावं ना! माझ्या हाताखालच्या कोणी असा आवाज दिला असता तर दुसऱ्या दिवशी घरी बसवला असता. घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "असू दे गं. सहा आठवडे पुरं तर कर." ह्यांचं सगळ्यालाच असू दे असतं.

शुक्रवार, ७ मार्च

भाजीत मीठ नव्हतं. मी म्हटलं, "अहो, शाळेत भूमिती कशी शिकवता देव जाणे, स्वयंपाकात मात्र अगदी बिनडोक आहात." हे हातातला डाव तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले. मग चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

"काय झालं आता?"

"काही नाही. सात महिन्यांत पहिल्यांदा तुला मीठ कमी लागलं."

अशा माणसाबरोबर मी सत्तावीस वर्षं काढली! शिवी घातली की गहिवरतात, पण उठून मीठ काही आणत नाहीत. शेवटी मीच उठले.

बुधवार, १२ मार्च

माझ्यानंतर जिचा नंबर असतो ती बाई आज बोलली. पस्तिशीची असेल. हडकुळी, मांडीवर हात ठेवून बाकावर अशी बसते की जणू कोणी रागावलंय. उपचाराबद्दल पेशंटांनी आपसांत बोलायचं नाही असा नियम आहे. ती बोलली ते माझ्या कपड्यांबद्दल. "काकू, रागावू नका. तुमच्या ब्लाऊजचा डावा खांदा उतरलाय." आणि लगेच जीभ चावली.

शिंपीण आहे. दीड वर्षात मशीनला हात लावलेला नाही. कापडाला कात्री लावायची म्हटलं की चुकणार असं वाटतं, आणि एकदा चुकलं की सगळं संपलं असं. गिऱ्हाइकं आपापली कापडं परत घेऊन गेली. "ते जाऊ दे हो," म्हणाली, "पण परवा मुलीच्या शाळेच्या स्कर्टची दुमड उसवली, तर ती मला न सांगता शेजारणीकडे टाके घालायला गेली. शिंपिणीची पोर, काकू!" आणि रडायला लागली. मी म्हटलं, "रडता तरी येतंय ना तुला? नशीबवान आहेस." त्यावर ती डोळे पुसता पुसता हसली. मी काही विनोद केला नव्हता.

सोमवार, १७ मार्च

शिंपीण आज अर्धा तास आधीच हजर. "काकू, काल मी मशीनला तेल घातलं! आणि लेकीच्या स्कर्टला दुमड घातली, हाताने नाही, मशीनवर." चेहरा असा फुललेला, जणू राजवाडा शिवला. डॉक्टर देवमाणूस आहेत म्हणे. मशीनवाल्या मुलीचे हात गुणाचे आहेत म्हणे. सासूबाई म्हणाल्या, सून परत आली.

मी "वा वा" म्हटलं. उगाच लपवत नाही, मला बरं नाही वाटलं. तिला खरी चकती मिळतेय आणि मला रबरबँड. आणि ही बावळट त्या बदकवाल्याला देव म्हणते. घरी येताना पायी आले, तीन स्टॉप. बसमध्ये चढायचा कंटाळा आला म्हणून.

बुधवार, १९ मार्च

आज छडा लावला. माझं आटोपल्यावर मी गेलेच नाही, तिच्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभी राहिले. मला ऐकायचं होतं, खऱ्या चकतीचा 'टाक' कसा येतो ते. आणि आला काय? टप्, टप्, टप्. माझ्यासारखाच. मेलेला. म्हणजे तिलाही लुटुपुटूचीच! आम्हा दोघींनाही हे लोक बनवतायत, आणि ही बिचारी गुण गातेय.

कोपऱ्यावरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. ती सांगत होती, येत्या रविवारी कापड बेतणार. लेकीचा फ्रॉक, निळा. दीड वर्षात पहिली कात्री. मला ते ऐकवेना. मी म्हटलं, "हे बघ, तुला अंधारात ठेवणं मला पटत नाही," आणि सांगून टाकलं.

"नक्की काकू?"

"अगं, एकोणतीस वर्षं हेच करतेय. खोटा आवाज मला झोपेतही कळतो."

"मग मी मशीनला तेल घातलं ते?"

"ते तूच घातलंस. त्या चकतीने थोडंच घातलं?"

मला वाटलं, मी तिला धीरच देतेय. ती स्वतःच्या हातांकडे बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे हे सगळं परत जाणार." मी म्हटलं, "काय परत जाणार?" "काही नाही," म्हणाली आणि उठली. चहा अर्धा तसाच. मी तिचाही प्यायले, वाया कशाला घालवायचा? माणसाने सत्याला सामोरं जावं, दुसरं काय.

गुरुवार, २० मार्च

शिंपीण आली नाही. सर्दी झाली असेल.

मी आता डॉक्टरांना उघडं पाडणार आहे. संध्याकाळी बिस्किटांचा डबा, ह्यांची भूमितीची स्टीलची पट्टी आणि जुना टॉवेल घेऊन बसले. डब्यात टॉवेल किती दाबायचा, पट्टी किती बाहेर ठेवायची, यावर दीड तास घालवला. ह्यांना डबा धरायला बसवलं तर ह्यांचा हात हलतो. ओरडले. शेवटी जमलं. हुबेहूब यांच्या चकतीचा 'टप्'. ह्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दोन वेळा भाजी घेतली, डबा बडवून हात दुखले होते म्हणून. उद्या सकाळी सातपर्यंत डोळा उघडला नाही तर माझा दोष नाही.

शुक्रवार, २१ मार्च

डॉक्टरांच्या टेबलावर डबा ठेवला आणि वाजवून दाखवला. "हा तुमचा उपचार," मी म्हटलं. "बिस्किटाचा डबा. पहिल्या दिवशीचा आवाज वेगळा होता, खरा होता. नंतर तुम्ही मला खोटी चकती लावली."

डॉक्टर म्हणाले, "फारच छान काढलात हो आवाज." मशीनवाली मुलगी मात्र माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत होती. "मॅडम, पहिल्या दिवशीची चकती उघडी असते. ती फक्त अंगठ्याचं माप घ्यायला. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनाच जाड आवरणाची लावतो. खऱ्यांनाही आणि दुसऱ्यांनाही. आवाजावरून कोणाला कळू नये म्हणूनच तर. मी सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही तेव्हा सरांच्या टायकडे बघून हसत होता."

डॉक्टरांनी टायकडे बघितलं. आज त्यावर हत्ती होते.

"म्हणजे माझी खरीही असू शकते?"

"असू शकते."

"आणि तिची?"

"तिची? कोणाची?" डॉक्टरांच्या बोलण्यातलं तूप एकदम आटलं. "तुम्ही कोणाशी यावर बोललात का?"

"नाही," मी म्हटलं. किती पटकन आलं ते तोंडून!

मुलगी म्हणाली, "सर, मॅडमच्या नंतरच्या बाई काल आल्या नाहीत, आजही नाहीत. सासूबाई म्हणतात, भिंतीकडे तोंड करून पडून आहेत, जेवत नाहीत. सोमवारी आल्या नाहीत तर सलग तीन होतील." मी विचारलं, मग काय होतं? मग नाव काढावं लागतं. पुढचा उपचार बंद. आणि शेवटी देतात तो फुकटचाही नाही.

मी डबा काखोटीला मारून निघाले. या इमारतीच्या जिन्यात फिनेल फार टाकतात, डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं.

शनिवार, २२ मार्च

ह्यांनी चहा पुढे ठेवला आणि म्हणाले, "तू सांगितलंस ना त्या बाईला?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? सिनेमा बघताना माझं तू हेच करतेस. मला जरा रडू यायला लागलं की कानात सांगतेस, ती थोबाडीत ओल्या चामड्याची होती म्हणून." बशीत चहा ओतत म्हणाले, "मी कधी बोललो नाही. पण मला फार राग येतो तेव्हा."

सत्तावीस वर्षं हा माणूस माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून रागावतोय आणि मला एकदाही ऐकू आलं नाही. आणि मिरवते काय, तर कान! थू या कानांवर.

रविवार, २३ मार्च

गेले. सायकलच्या दुकानावर राहते असं तिने एकदा सांगितलं होतं. दार सासूबाईंनी उघडलं. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आवाजवाल्या त्या तुम्हीच का? माझी सून दोन आठवडे माणसासारखी जेवत होती. तुमच्या पोटात का दुखलं हो?" मी चपला काढून आत गेले.

एकच खोली, खिडकीपाशी शिलाई मशीन. त्यावर निळं कापड पसरलेलं, खडूने आखलेलं, न कापलेलं. ती कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. उघडी चकती, आवरणाची चकती, माझी चूक, माझा मूर्खपणा. ती वळली नाही. भिंतीलाच म्हणाली, "मग माझी खरी आहे का?"

आता इथे 'हो' म्हणायचं होतं. माझ्या घशात ते 'हो' तयार होतं, असं की कोणाच्या बापाला खोटं वाटलं नसतं. जन्मभर तेच तर केलंय. सासूबाईही माझ्याकडे बघत होत्या, म्हणा एकदाचं, अशा. पण एकदा मी 'नक्की' म्हटलं, त्याचं काय झालं ते समोर कॉटवर पडलं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "कोणालाच माहीत नाही."

ती उठून बसली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. "बुधवारी तर माहीत होतं!"

"बुधवारी मी जळत होते. तू बरी होत होतीस आणि मी नाही, असं वाटत होतं मला. तुझं खोटं निघालं तर मला बरं वाटणार होतं. वाटलंही."

ती माझ्याकडे असं बघायला लागली, जसं मी आजवर सगळ्यांकडे बघत आले. डॉक्टरांकडे, ह्यांच्याकडे, अगदी तिच्याकडेसुद्धा. "काकू, तुम्हाला कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही," म्हणाली. "जा तुम्ही."

"जाते. तू उद्या ये. नियम आहे तिथे, उद्या नाही आलीस तर तुझं नाव काढतील. माझ्याशी बोलू नकोस, माझं तोंड बघू नकोस, पण ये."

सासूबाईंनी दार लावून घेतलं. खाली सायकलवाला टायरमध्ये हवा भरत होता, मी त्याच्या दुकानासमोर उभी राहून भर रस्त्यात रडले. फिनेलबिनेल काही नव्हतं. त्या पोरीचं मी वाटोळं केलं असेल या भीतीने रडले, चांगली हमसाहमशी. सायकलवाल्याने बसायला स्टूल दिलं.

सोमवार, २४ मार्च

आधी डॉक्टरांकडे गेले आणि शुक्रवारी खोटं बोलले ते कबूल केलं. त्यांचं गुळगुळीत डोकं लालभडक झालं. टेबलावर हात आपटून म्हणाले, "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंय? त्या बाईंना काही झालं असतं तर?" पहिल्यांदाच हा माणूस मला डॉक्टर वाटला. मी "कळतंय" म्हटलं. आमच्या दोघींची माहिती आता प्रयोगात धरता येईल की नाही ते वरच्यांना विचारणार आहेत. पण ती आज आली तर तिचा उपचार थांबवणार नाही, एवढं म्हणाले.

माझा नंबर झाला. बोळे आज कानात पार आत कोंबले. मग बाहेर बाकावर बसून राहिले. तिची वेळ झाली, टळली. मशीनवाली मुलगी दोनदा दार उघडून बघून गेली. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून तिने मान हलवली. मी मनातल्या मनात इतक्या जणांच्या विनवण्या केल्या, की त्यातल्या निम्म्यांवर माझा विश्वासही नाही.

मग जिन्यात सासूबाईंचा आवाज आला, "सावकाश, घाई नाही." आणि ती आली. वेणी सासूबाईंनी घातली असावी, फार घट्ट होती. माझ्यासमोरून गेली, बघितलं नाही. मुलीला म्हणाली, "उशीर झाला. चालेल ना?"

"चालेल की. या."

दार लागलं. सासूबाई बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला बसल्या आणि पिशवी मधे ठेवली. आता कुठल्याही क्षणी आत ते सुरू होणार होतं, आणि माझे कान टवकारले जाणार होते, जुनी खोड. ऐकलं असतं तर मला काहीतरी कळल्यासारखं वाटलंच असतं, आणि वाटलं असतं की बोलले असते. मी उठले. जिना उतरून रस्ता ओलांडला आणि बसच्या थांब्यावर, गाड्यांच्या गोंगाटात, तिचं आटपेपर्यंत उभी राहिले.